सूरह जुमा : बाजार, मिंबर आणि मागे उरलेली बारा माणसं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ, शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशीद आहे. आपल्यापैकी बरेच जण तिच्यावरून गेले असतील, आत मात्र फार थोडे गेले असतील. १८०२ साली बांधून पूर्ण झालेली ही मशीद कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारली. आत जुना तलाव आहे. बाहेर काय आहे? एका बाजूला झवेरी बाजार, दुसऱ्या बाजूला मंगळदास मार्केट, कापडाची गोदामं, हातगाड्या, हमाल, ‘बाजू बाजू’ असा आरडाओरडा. शुक्रवारी दुपारी तिथे उभं राहिलं की बाजार आणि मशीद एकमेकांच्या इतक्या अंगाला लागून आहेत की एक कुठे संपतो आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कळत नाही.

आता कोणी म्हणेल, मुंबईत जागाच नाही, म्हणून असं झालं. तसं नाही. जुम्याची नमाज आणि बाजार यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे, आणि कुरआनात त्यावर एक सूरह आहे. सूरह म्हणजे अध्याय. कुरआनात ११४ सूरह आहेत, त्यातली ही ६२वी, नाव ‘अल-जुमा’. आयती फक्त ११. वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात. पण या अकरा आयतींत एक कोडं आहे, आणि आजचं व्याख्यान त्या कोड्यावर आहे.

कोडं असं. सूरहचं नाव जुमा, पण पहिल्या आठ आयतींत जुम्याचा उल्लेखच नाही. पहिल्या आयतीत आकाशात आणि पृथ्वीवर जे काही आहे ते ईश्वराचं गुणगान करतं, असं सांगितलंय. दुसरीत निरक्षर लोकांमध्ये त्यांच्यातूनच एक प्रेषित उठवल्याचं सांगितलंय. पाचवीत अचानक एक गाढव येतं, पाठीवर पुस्तकांचं ओझं घेऊन. मग मृत्यूचा विषय निघतो. आणि नवव्या आयतीत एकदम : शुक्रवारी नमाजसाठी पुकारलं गेलं की खरेदी-विक्री सोडून या. शेवटच्या, अकराव्या आयतीत तर तक्रार आहे की लोकांनी व्यापार पाहिला, करमणूक पाहिली, आणि पैगंबरांना उभं सोडून ते तिकडे धावले.

निरक्षर लोक, गाढव, मृत्यू, बाजार. यांचा एकमेकांशी संबंध काय? पाश्चात्त्य अभ्यासकांनी याकडे दोन वेगळे तुकडे एकत्र शिवल्यासारखं पाहिलंय. मुसलमान भाष्यकारांनीही हे मानलंय की दोन भाग वेगवेगळ्या वेळी उतरले. पण शिवणाऱ्याने शिवताना काहीतरी पाहिलं असेल ना? ते काय, हे आपण शोधू.

सुरुवात मदीनेपासून करू.

आठवडी बाजाराचा दिवस

इस्लामपूर्व अरबस्तानात शुक्रवाराला ‘अरूबा’ म्हणत. ‘जुमा’ हा शब्द ‘जमणे, जमवणे’ या अर्थाच्या धातूपासून आलाय. जमाव, जमात, जमा, जामा मशीद, हे आपण रोज वापरतो ते सगळे शब्द त्याच कुळातले. महसुलाच्या ‘जमाबंदी’तला जमासुद्धा तोच.

मग गोळा व्हायला शुक्रवारच का? एस. डी. गोइटाइन नावाचे मोठे इतिहासकार होते. मध्ययुगीन ज्यू व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांनी आयुष्य घालवलं. १९५९ साली त्यांनी एका लेखात याचं उत्तर मांडलं. मदीनेत ज्यूंची मोठी वस्ती होती : कैनुका, नझीर, कुरैझा ही त्यांतली प्रमुख घराणी. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शनिवार, शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, खरेदी नाही, चूल पेटवणं नाही. म्हणजे सगळी खरेदी आदल्या दिवशी. म्हणून शुक्रवार हा मदीनेचा बाजाराचा दिवस, आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतले लोक त्या दिवशी आपोआप एकत्र येत.

आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. गावाकडे ज्याने आठवडी बाजार पाहिलाय त्याला ठाऊक आहे. दवंडी बाजारच्या दिवशी. पुढाऱ्याची सभा बाजारच्या दिवशी. सोयरिकीचा निरोप बाजारच्या दिवशी. माणसं जमवायची तर ती आधीच जिथे जमतात तिथे जा, हे साधं व्यवहारज्ञान. आणि वेळ कोणती? भर दुपारची. सकाळचा बाजार उरकत आलेला, माणसं घरी परतायच्या बेतात.

दुपारची वेळ, बाजारचा दिवस. गोइटाइन म्हणतात, जुमा म्हणजे मुसलमानांचा शब्बाथ नव्हे. तो जमण्याचा दिवस आहे, थांबण्याचा नाही.

आणि खुद्द सूरह हेच सांगते. नवव्या आयतीत खरेदी-विक्री सोडा असं आहे, तर दहावीत नमाज झाली की पृथ्वीवर पांगा आणि ईश्वराची कृपा शोधा असं आहे. इथे कृपा म्हणजे रोजीरोटी, कमाई. म्हणजे एका आयतीत दुकान बंद, पुढच्याच आयतीत दुकान उघडं. इराक बिन मालिक नावाचे एक जुने धर्मपरायण गृहस्थ होते. त्यांच्याविषयी सांगतात की जुमा झाल्यावर ते मशिदीच्या दारात थांबत आणि प्रार्थना करत : देवा, तू बोलावलंस, मी आलो, तू सांगितलेली नमाज पढली, आता तू सांगितलंस तसा पांगतोय, तेव्हा तुझ्या कृपेतून मला दे. बघा, बाजारात परत जाणं हाही त्यांना हुकमाचाच भाग वाटत होता.

शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी ही बऱ्याच देशांत आधुनिक राज्यकारभारातून आलेली गोष्ट आहे. तुर्कस्तानचं उदाहरण घ्या. तिथे १९२४ साली कायद्याने शुक्रवार सुट्टीचा झाला आणि १९३५ साली ती सुट्टी रविवारी गेली. सूरहमध्ये दिवसभराच्या सुट्टीचा विषयच नाही.

पहिला जुमा कोणाचा?

परंपरा सांगते की मदीनेतला पहिला जुमा पैगंबर तिथे पोहोचायच्या आधीच झाला. ही हकीकत फार हृद्य आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

कअब बिन मालिक हे मदीनेचे एक कवी, पैगंबरांचे सहकारी. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. मुलगा हात धरून त्यांना नेत असे. मुलाच्या लक्षात आलं की दर शुक्रवारी अजान ऐकू आली की वडील असद बिन जुरारा या माणसासाठी प्रार्थना करतात. त्याने एकदा विचारलं, अब्बा, हे काय? ते म्हणाले, बाळ, मदीनेत आम्हाला जुम्यासाठी पहिल्यांदा एकत्र आणलं ते त्यांनी. गावाबाहेर, काळ्या दगडांच्या माळावर. मुलाने विचारलं, किती जण होतात तुम्ही? म्हणाले, चाळीस.

असद बिन जुरारा हिजरतीनंतर लवकरच वारले. मशिदी, मिनार, साम्राज्यं काहीच त्यांनी पाहिलं नाही. पण एक आंधळा म्हातारा वर्षानुवर्षं, दर शुक्रवारी, त्यांची आठवण काढत राहिला. आणि त्याने सांगितलेला तो ‘चाळीस’ आकडा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्या कोकणापर्यंत येणार आहे.

सप्टेंबर ६२२ मध्ये पैगंबर मक्केहून निघून मदीनेच्या वेशीवर, कुबा इथे पोहोचले. तिथे काही दिवस राहून गावात निघाले, तर वाटेत बनू सालिम घराण्याच्या वस्तीत जुम्याची वेळ झाली. तिथेच त्यांनी पहिला जुमा पढवला. त्या जागी आज ‘मस्जिद अल-जुमा’ आहे.

सुरुवातीला मिंबर, म्हणजे प्रवचनाचं आसन, नव्हतं. पैगंबर खजुराच्या खोडाला टेकून उभे राहून बोलत. पुढे तीन पायऱ्यांचा लाकडी मिंबर आला. पुढच्या सगळ्या मिंबरांचा मूळपुरुष म्हणजे या तीन पायऱ्या.

कारवाँ आला

आता मुख्य प्रसंग. तो सांगणारे जाबिर बिन अब्दुल्ला हे मदीनेचेच, आणि त्या वेळी स्वतः मशिदीत हजर होते.

शुक्रवार. पैगंबर उभे राहून बोलताहेत. एवढ्यात शाम देशाकडून, म्हणजे आजच्या सीरियाकडून, व्यापाऱ्यांचा कारवाँ गावात आला. धान्य घेऊन. इतर कथनांत आणखी तपशील येतात : गावात टंचाई होती, भाव चढलेले होते, आणि कारवाँ दिह्या कल्बी यांचा होता. कारवाँ आला की डफ-ढोल वाजवून वर्दी द्यायची पद्धत होती. ढोल वाजला, आणि मशिदीतली माणसं उठली. एक गेला, मग दहा गेले, मग सगळे. जाबिर म्हणतात, बारा जण उरले. त्या बारांत अबू बक्र होते, उमर होते, आणि जाबिर स्वतः होते.

डोळ्यांपुढे आणा. वक्ता उभा आहे, समोर रिकाम्या चटया, बाहेर ढोल.

आता या लोकांना नावं ठेवणं फार सोपं आहे. पण जरा त्यांच्या जागी उभे राहा. हे कोण लोक होते? बरेच मक्केहून आलेले, घरदार मागे टाकून. मक्केचे लोक हाडाचे व्यापारी. अब्दुर्रहमान बिन औफ मदीनेत आले तेव्हा तिथल्या यजमानाने त्यांना अर्धी संपत्ती देऊ केली. ते म्हणाले, ती तुमची तुम्हाला लखलाभ, मला फक्त बाजार कुठे आहे ते सांगा. खुद्द उमर पुढे कबूल करत की पैगंबरांची काही वचनं आपल्या कानी आली नाहीत, कारण आपण बाजारातल्या सौद्यांत गुंतलो होतो. या माणसांना बाजार म्हणजे चैन नव्हती, ते जगणं होतं. त्यात धान्याची टंचाई. आज मागे राहिलात तर उद्या चढ्या भावाने घ्यावं लागेल, किंवा संपलेलंच असेल. घरी लेकरं आहेत. ढोल वाजतोय. आपल्यापैकी किती जण बसून राहिले असते? मी स्वतःविषयी खात्री देत नाही.

एक जुनं कथन याला आणखी एक बाजू जोडतं. त्यानुसार त्या काळी, ईदला आजही असतं तसं, नमाज आधी आणि प्रवचन नंतर होत असे. म्हणजे लोकांना वाटलं, नमाज तर झाली, उरलं ते भाषण, त्यातून उठलं तर काय बिघडलं? या प्रसंगानंतर प्रवचन आधी आणि नमाज नंतर असा क्रम झाला, असं ते कथन सांगतं. सभा आयोजित करणाऱ्यांना हे लगेच कळेल. जेवण भाषणानंतर ठेवायचं असतं, आधी नाही.

अकराव्या आयतीची रचनाही पाहण्यासारखी आहे. लोक कशाकडे धावले ते सांगताना आधी व्यापार येतो, मग करमणूक. पण ‘त्याच्याकडे’ धावले यातलं सर्वनाम अरबीत स्त्रीलिंगी आहे, ते ‘तिजारत’ म्हणजे व्यापार या शब्दाशी जुळतं. भाष्यकारांनी हे टिपलंय : ढोल निमित्त होता, ओढ व्यापाराची होती. मग ईश्वरापाशी जे आहे ते श्रेष्ठ, हे सांगताना क्रम उलटतो : आधी करमणूक, मग व्यापार. आणि शेवट होतो तो ईश्वर हा सर्वोत्तम अन्नदाता आहे यावर. नरकाची धमकी नाही, शिक्षा नाही. भुकेपोटी उठून गेलेल्या माणसांना अन्नदात्याची आठवण करून दिलीय. ज्याने कोणी हा शेवट ऐकला असेल त्याला आपली लाज आणि आपली भूक दोन्ही ओळखली गेल्याचं कळलं असेल.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा प्रसंग लाजिरवाणा आहे. ज्या पिढीला पुढच्या सगळ्या मुसलमानांनी आदर्श मानलं, त्या पिढीचा आहे. तो झाकता आला असता. पण तो धर्मग्रंथातच आहे, आणि दर शुक्रवारी मोठ्याने वाचता येतो. अबू हुरैरा सांगतात की पैगंबर जुम्याच्या नमाजीत ही सूरह आणि तिच्या पुढची, ‘मुनाफिकून’ म्हणजे दांभिकांविषयीची सूरह वाचत. म्हणजे उठून गेलेली तीच माणसं रांगेत उभी राहून आपल्याच उठून जाण्याची गोष्ट ऐकत होती.

आता ते गाढव

आपलं कोडं अजून सुटलेलं नाही. पहिल्या भागाकडे वळू.

अबू हुरैरा म्हणतात की ही सूरह उतरली तेव्हा आम्ही पैगंबरांपाशी बसलो होतो. अबू हुरैरा मदीनेत आले ते खैबरच्या लढाईच्या सुमारास, ६२८ साली. यावरून मौलाना मौदूदींसारख्या भाष्यकारांनी असं मांडलं की सूरहचा पहिला भाग त्या वेळचा, आणि जुम्याच्या आयती त्याआधीच्या, हिजरतीनंतरच्या सुरुवातीच्या काळातल्या. पहिल्या भागात ज्यूंशी वाद आहे. तौरात ज्यांच्यावर सोपवली आणि ज्यांनी ती पेलली नाही, त्यांची अवस्था ग्रंथ वाहणाऱ्या गाढवासारखी, असं तो भाग म्हणतो. पुढे म्हणतो, तुम्हीच तेवढे ईश्वराचे लाडके असाल तर मरणाची इच्छा करून दाखवा.

याचा संदर्भ न लपवता सांगितला पाहिजे. तोवर मदीनेतल्या ज्यू घराण्यांशी संघर्ष होऊन गेला होता. कैनुका ६२४ मध्ये, नझीर ६२५ मध्ये गाव सोडून गेले, ६२७ मध्ये कुरैझांचा अंत झाला, आणि ६२८ मध्ये खैबर पडलं. सूरहचा पहिला भाग या कडवट काळातला आहे. ही आयत त्यानंतर अनेकांनी अनेकदा दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी वापरली. आजही वापरतात.

पण सूरह एकत्र वाचली तर बोट कुठे वळतं ते पाहा.

आपल्याकडे म्हण आहे, ‘गाढवापुढे वाचली गीता’. त्या म्हणीतलं गाढव श्रोता आहे, त्याला ऐकून काही कळत नाही. सूरहमधलं गाढव वेगळं आहे. ते वाहक आहे. ग्रंथ त्याच्यापाशीच आहेत, तेच ते गावोगाव नेतं, ओझ्याने दमतंही. फक्त आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या सुश्रुतसंहितेतही चंदन वाहणाऱ्या गाढवाची उपमा आहे : खूप शास्त्रं पढून अर्थ न कळलेला माणूस तसा, त्याला भार जाणवतो, चंदन जाणवत नाही. दोन दूरच्या परंपरांना विद्वानांची खिल्ली उडवायला एकच प्राणी सापडला, ही गंमतच आहे.

आता क्रम जोडू. दुसरी आयत म्हणते, निरक्षरांमध्ये प्रेषित पाठवला. मूळ शब्द ‘उम्मी’. त्याचा अर्थ लिहिता-वाचता न येणारे असा होतो, आणि ज्यांच्यापाशी आधीचा धर्मग्रंथ नव्हता ते, असाही होतो. म्हणजे ज्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता त्यांना ग्रंथ मिळाला. पाचवी आयत म्हणते, ज्यांच्यापाशी ग्रंथ होता त्यांनी तो नुसता वाहिला. आणि अकरावी म्हणते, हे नवे ग्रंथवाले, ज्यांना आत्ताच ग्रंथ मिळाला, ते तो ऐकता ऐकता उठून गेले.

दिसलं ना? गाढवाची उपमा दुसऱ्यासाठी आली खरी, पण सूरह संपते ती आपल्याच माणसांवर. ग्रंथ मिळाला म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. पाठीवर घेतलात, कानांत घेतला नाहीत, तर ते ओझं तुमच्याही पाठीवर तसंच बसेल. प्रवचन सोडून जाणारा श्रोता आणि ग्रंथ वाहणारं गाढव ही एकाच रोगाची दोन चित्रं आहेत. म्हणून हे दोन भाग एकत्र आले, असं माझं मत आहे. मधला मृत्यूचा उल्लेखही मग परका वाटत नाही : ज्यापासून पळताय ते समोरून येऊन भेटेल. लगेच पुढे, कशाकडे धावायचं ते येतं. पळणं आणि धावणं.

‘धावणं’ या शब्दावरूनही जुनी चर्चा आहे. अरबी क्रियापदाचा एक अर्थ पळत जाणं. पण नमाजसाठी पळत येऊ नका, शांतपणे चालत या, असं हदीस सांगते. म्हणून भाष्यकारांनी अर्थ घेतला : मनापासून निघा, टंगळमंगळ नको. पाय सावकाश, मन घाईत.

आकडे, बाजार आणि सत्ता

यानंतरचा हजार-बाराशे वर्षांचा प्रवास थोडक्यात सांगतो.

एक, आकडे. जुमा व्हायला किमान किती माणसं हवीत? शाफई पंथ म्हणाला चाळीस, आधार असद बिन जुरारांची ती चाळीस माणसं. मालिकी पंथ म्हणाला बारा, आधार कारवाँच्या दिवशी मागे उरलेली बारा माणसं. हनफी पंथात इमामाखेरीज तीन पुरेत. बघा, एका लाजिरवाण्या दुपारी मोजलेली डोकी कायद्याचं कलम झाली.

दोन, बाजार. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात मदीना वाढली, मशिदीच्या दारातली अजान सगळ्यांना ऐकू जाईना. त्यांनी आणखी एक अजान सुरू केली, आणि ती कुठून? ‘जौरा’ या जागेवरून, जी मदीनेच्या बाजारात होती. जिथून लोकांना ओढून आणायचं तिथेच जाऊन हाक दिली. मग कायदेपंडितांना प्रश्न पडला, अजाननंतर केलेला सौदा वैध की अवैध? हनफी आणि शाफई म्हणाले, सौदा पक्का, पण करणारा दोषी. मालिकी आणि हंबली म्हणाले, सौदाच रद्द. आणि ‘अजान’ म्हणजे मशिदीतली की उस्मानांची बाजारातली? यावरही वाद. व्यापारी समाजाला असले प्रश्न खरोखर पडतात.

तीन, सत्ता. जुम्याच्या खुत्ब्यात राज्यकर्त्याचं नाव घ्यायची प्रथा पडली. खुत्बा आणि सिक्का, म्हणजे प्रवचनात नाव आणि नाण्यावर नाव, ही राजेपणाची दोन चिन्हं झाली. पण हीच सूरह सत्तेच्या विरोधातही उभी राहिली. उमय्यांच्या काळात एक अधिकारी बसून खुत्बा देत होता. कअब बिन उजरा हे पैगंबरांचे वृद्ध सहकारी आत आले आणि संतापले : पाहा या माणसाकडे, बसून बोलतोय, आणि कुरआन सांगतं की लोकांनी पैगंबरांना ‘उभं’ सोडलं! लोकांना लाजवण्यासाठी आलेला एक शब्द, ‘उभं’. तोच सत्ताधाऱ्याला उभं करायला वापरला गेला.

आणि चार, आपला किनारा. ९१६ च्या सुमारास मसूदी हा बगदादचा प्रवासी कोकणात आला. त्याने ‘सैमूर’ पाहिलं, म्हणजे आपलं चौल. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं तो लिहितो. काही बाहेरून आलेले व्यापारी, काही इथेच जन्मलेले. राज्य राष्ट्रकूटांचं. त्या राजाच्या राज्यात मुसलमानांना मान आहे, मशिदी आणि जामा मशिदी आहेत, असं मसूदी नोंदवतो. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेल्या ९२६ सालच्या ताम्रपटातून दिसतं की राष्ट्रकूटांनी संजाण भागावर मधुमती, म्हणजे मुहम्मद, नावाचा ताजिक अधिकारी नेमला होता, आणि त्याच्या संमतीने तिथल्या मठाला दान दिलं गेलं.

जुमा कोकणात आणला तो कारवाँने, फक्त हा कारवाँ समुद्रावरचा होता. मदीनेत व्यापाराने लोकांना मशिदीतून बाहेर ओढलं. कोकणात व्यापारानेच मशीद बांधली. आणि ती पांघरुणासारखी सत्ता घेऊन नाही, हिंदू राजाच्या छत्राखाली. कोकणी मुसलमान आजही शाफई आहेत, म्हणजे त्यांच्या जुम्याला चाळीस माणसांची अट आहे. मदीनेबाहेरच्या माळावरची ती चाळीस माणसं अशी आपल्या किनाऱ्यावर येऊन पोहोचली.

हनफी पंथात मात्र जुम्यासाठी शहर आणि राज्यकर्ता या अटी होत्या. त्यामुळे इंग्रजी राज्यात प्रश्न उभा राहिला. बंगालमध्ये हाजी शरीअतुल्ला यांच्या फराइजी चळवळीने सांगितलं, मुसलमान शासक नाही, तेव्हा जुमा नाही. करामत अली जौनपुरी यांनी त्याला विरोध केला, जुमा चालूच राहिला पाहिजे म्हणाले. शेतकऱ्यांच्या गावागावांत यावर वाद झाले. शेवटी बहुतेकांनी जुमा चालू ठेवला. हाक आली की यायचं, राज्य कोणाचं का असेना.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : या सगळ्यात स्त्रिया कुठे आहेत?

उत्तर : जुमा पुरुषांवर बंधनकारक, स्त्रियांवर नाही, असं बहुतेक पंथांनी मानलं, आणि पुढे अनेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘येऊच नका’ असा झाला. पण सुरुवातीचं चित्र वेगळं आहे. उम्मे हिशाम नावाच्या मदीनेच्या बाई सांगतात की ‘काफ’ ही सूरह मी पैगंबरांच्या जुम्याच्या प्रवचनातून ऐकून ऐकून पाठ केली. गंमत अशी की त्याच ‘काफ’ सूरहमध्ये ईश्वराने सृष्टी निर्माण केली आणि त्याला थकवा शिवला नाही, असं आहे. म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची कल्पना जिथे बाजूला सारली जाते, तो मजकूर जुम्याच्या मिंबरावरून एका बाईने टिपला. पुरुष उठून गेले त्याची नोंद आहे, तशी बाई बसून ऐकत होती याचीही नोंद आहे. दोन्ही लक्षात ठेवू.

प्रश्न : आज फोनवर खुत्बा, प्रवचन, कीर्तन सगळं ऐकता येतं. मग जमण्याचा अर्थ काय उरला?

उत्तर : तुमच्यातले बरेच जण हे व्याख्यानही नंतर फोनवरच ऐकणार आहात, त्यामुळे मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? एवढंच सांगतो. मदीनेच्या त्या दुपारी ढोल फक्त बाहेर वाजत होता. आता तो खिशात वाजतो, आणि आपण उठून न जाताही निघून गेलेले असतो. जाबिरना म्हातारपणी तो दिवस आठवला तेव्हा त्यांनी प्रवचनात काय होतं ते सांगितलं नाही. किती जण उरले होते ते सांगितलं. बारा. बसून राहिलेल्यांची मोजदाद सोपी असते, कारण ते थोडे असतात.

तुम्ही शेवटपर्यंत बसलात. आता पांगा, कामाला लागा.